व्ही २०० पुन्हा रुळावर

मेर्कलीन या खेळण्यातल्या रेल्वे बनवणाऱ्या जर्मन कंपनीची ही व्ही २००, एका डिझेल इंजिनाचं छोटं मॉडेल, मला श्टुटगार्टजवळच्या एका गावच्या जुन्या बाजारात मिळाली. विकणाऱ्या बाईंनी आधीच सांगून टाकलं, चालत नाही, शोभेला ठेवायची असेल तर न्या. किंमतही शोभेच्या वस्तूचीच होती. मी घेतली ती चालवण्यासाठी. मेर्कलीनची जुनी इंजिनं सहसा बिघडत नाहीत, नुसती पडून राहतात. त्यांच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक नसतं. तारेची गुंडाळी असते आणि ती एसीवर, म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या विजेवर चालते. त्यामुळे चुंबक कमजोर झाल्याची भानगड नाही. तार तुटलेली नसली तर उरतो तो मळ.

मूळ व्ही २०० जर्मन रेल्वेत १९५३ला आली, म्युनिकच्या क्राउस-माफाय कारखान्यातून. बारा सिलिंडरची दोन डिझेल इंजिनं, मिळून २,२०० अश्वशक्ती, वेग ताशी १४० किलोमीटर. १९८४पर्यंत ती जर्मन रेल्वेत होती. माझं मॉडेल ३०२१ क्रमांकाचं, १:८७ प्रमाणातलं. वरचं कवच ओतीव धातूचं, त्यामुळे हातात घेतल्यावर खेळणं वाटत नाही.

बाबा पुण्याच्या घोरपडी डिझेल शेडमधून निवृत्त झालेले. त्यांना व्हिडिओ कॉलवर इंजिन दाखवलं तर पहिला प्रश्न आला, "ट्रॅक्शन मोटर किती?" खऱ्या व्ही २००ला एकही नाही, ती हायड्रॉलिक, चाकांपर्यंत जोर तेलातून पोचवणारी, म्हटल्यावर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांचं सगळं आयुष्य अल्को या अमेरिकन कंपनीच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनांमध्ये गेलेलं: डिझेल जनरेटर फिरवणार, जनरेटर सहा मोटरींना वीज देणार. गंमत अशी, की खऱ्या इंजिनात चाकं फिरवणारी मोटर नाही आणि माझ्या खेळण्यात आहे. "म्हणजे कॉम्युटेटर आहे. मग जमेल," बाबा म्हणाले. कॉम्युटेटर म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरचे तांब्याचे तुकडे; त्यांना घासत राहून वीज देतात ते ब्रश.

आधी ट्रान्सफॉर्मरचं बघावं लागलं. इंजिनाबरोबर त्याच काळातला निळा धातूचा ट्रान्सफॉर्मर फुकट मिळत होता, तो मी घेतला नाही. तो २२० व्होल्टसाठी बनलेला, आता घरात २३० येतात. त्यामुळे पुढे रुळांवर जाणारा विजेचा दाबही वाढतो, आणि इतक्या जुन्या वायरीच्या आवरणाचा तर भरवसाच नाही. नव्या पद्धतीचा, २३० व्होल्टचा वेगळा घेतला. रुळावर ठेवून नॉब फिरवला तर इंजिन गुणगुणलं, जागचं हललं नाही. गुणगुणलं म्हणजे गुंडाळी शाबूत. लगेच बंद केलं, कारण अडकलेल्या मोटरला वीज देत राहिलं तर ती जळते.

कवच काढलं. आत तपकिरी, डिंकासारखं घट्ट काहीतरी सगळीकडे. कधीकाळी ते तेल होतं. प्रत्येक टप्प्याला फोटो काढले, स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत क्रमाने ठेवले. ब्रशच्या स्प्रिंगा सोडवताना हात आणि इंजिन दोन्ही पारदर्शक पिशवीत घातले. नखाएवढी स्प्रिंग उडाली तर ती पुन्हा सापडत नाही.

या मोटरचा कॉम्युटेटर चपटा, तबकडीसारखा. तांब्याचे तीन भाग, मध्ये बारीक फटी. दोन ब्रश, पण सारखे नव्हेत: एक कार्बनचा, दुसरा तांब्याच्या जाळीचा. कुठला कुठे होता ते फोटोत टिपून ठेवलं. फटींत कार्बनची भुकटी ठासून बसली होती. ती दात कोरायच्या काडीने उकरली, वरून कापसाच्या काडीने पेट्रोलजातीचं क्लीनर फिरवलं. बाबा पलीकडून सारखे बजावत होते, "अगं, पॉलिश पेपर लावू नकोस. चरे पडले की ब्रश खातो." मग मल्टिमीटरने तिन्ही भाग जोडी-जोडीने तपासले. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले. एखादा वेगळा आला असता तर रोटर, म्हणजे फिरता भागच, बदलावा लागला असता.

गिअर आणि चाकांच्या धुऱ्या क्लीनरने धुतल्या, खिडक्या सताड उघड्या ठेवून. रबरी टायर आधीच काढले होते. ते इतके कडक झालेले की काढताना तुकडेच पडले, नवे घालायचेच होते. धुऱ्या बोटाने मोकळ्या फिरायला लागल्यावर प्रत्येक टेकूला सुईच्या टोकावरून बारीक तेलाचा थेंब दिला. एकच. जास्त दिलं तर ते सरकत सरकत कॉम्युटेटरवर जातं आणि सगळा उपद्व्याप पुन्हा करावा लागतो.

मोटर फिरली. खरी करामत पुढे होती, दिशा बदलण्याच्या रिलेची.

मेर्कलीनच्या एसी पद्धतीत रुळांची धन-ऋण बाजू उलटून इंजिन मागे जात नाही. धावायला १६ व्होल्टपर्यंत दाब, आणि नॉब शून्याच्या पलीकडे दाबला की क्षणभर २४ व्होल्टचा झटका. त्या झटक्याने इंजिनाच्या पोटातली गुंडाळी एक पत्री खेचते, पत्री एक घर पुढे सरकते आणि वीज मोटरच्या दुसऱ्या अर्ध्या गुंडाळीला मिळते. पत्रीला मागे धरून ठेवते ती एक बारीक स्प्रिंग. ती ढिली असली तर धावता धावताच, १६ व्होल्टला, इंजिन दिशा बदलून बसतं. ताठ असली तर २४ व्होल्टलाही पत्री ढिम्म हलत नाही. किंवा हलते, पण इतकी उशिरा, की तोवर मोटरला तो झटका मिळून इंजिन बेडकासारखी उडी मारतं.

माझं उडी मारत होतं. स्प्रिंग बदलायचा मोह मी टाळला, आधी पत्रीची खीळ स्वच्छ केली. तिथेही तोच डिंक होता. उडी निम्मी झाली. मग स्प्रिंग अडकवलेला पत्र्याचा कान चिमट्याने केसभर वाकवायचा, रुळावर ठेवायचं, झटका द्यायचा, पुन्हा उचलायचं. संध्याकाळ त्यात गेली. शेजारचे आजोबा लहानपणापासून मेर्कलीनवाले, ते येऊन बघून गेले आणि म्हणाले, थोडी उडी राहू द्या, सगळ्यांचीच असते. मी थोडी ठेवली.

खालची सरकपट्टी, जी रुळांमधल्या टाचण्यांवरून वीज उचलते, घासून खोल चर पडलेली होती. ती नवी बसवली. एका वायरचं आवरण वाकवताच तडकलं, तीही बदलली.

रंगाला हात लावला नाही. कोपऱ्यांवर लाल रंग उडून राखाडी धातू दिसतो. ऑनलाइन लोक अशी इंजिनं नवीकोरी रंगवून घेतात, वर डिजिटल आदेशांवर चालवण्यासाठी आत डिकोडर घालतात. ज्याची त्याची आवड. पण कारखान्याची मूळ छपाई एकदा गेली की परत येत नाही, आणि मला हातात घेतल्यावर जुनंच इंजिन हवं होतं.

आता ती जेवणाच्या टेबलावरच्या रुळांवर तीन डबे ओढते. मंद चाल तिला जमत नाही. निघते ती एकदम निघते. गिअरची घरघर मोठी आहे, ती या मोटरची जातच आहे. बाबांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो थांबवून थांबवून पाहिला असावा, कारण उत्तर आलं, "पुढचा डावा दिवा बंद आहे. हेडलाइट फेल असलेलं इंजिन शेडबाहेर सोडत नाहीत." बल्ब मागवला आहे.