तयारीचा नववा आठवडा: फिन्सेच्या बर्फात पहिली रंगीत तालीम

शनिवार-रविवार नॉर्वेच्या डोंगरातल्या फिन्सेला काढला. स्टेशनच १,२२२ मीटरवर, गाडीतून उतरलं की समोर बर्फ. एक्स्पेडिशन अमुंडसेन या स्की-शर्यतीच्या १०० किलोमीटरसाठी आम्ही तिघं पहिल्यांदाच भरलेल्या पुल्का (कमरेला बांधून ओढायच्या बर्फगाड्या) ओढत होतो, प्रत्येकी ४० किलो. आजवर ऑस्लोच्या जंगलात टायर ओढले. त्यानं मांड्या तयार झाल्या, पण टायर उतारावर मागून अंगावर येत नाही. पुल्का येते, आणि कमरेला हिसका बसतो.

पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा असं ठरलं होतं. तिसऱ्या तासाला आमचा नागपूरकर गडी दोनशे मीटर मागे पडला. मी आणि नॉर्वेजियन मैत्रीण त्याची वाट बघत उभ्या. उणे अठरात घामेजलेली पाठ पाच मिनिटांत गार पडते. तो येऊन पोचेपर्यंत आम्ही कुडकुडत होतो, म्हणून लगेच निघालो. म्हणजे सगळ्यात दमलेल्या माणसालाच विश्रांती मिळाली नाही! हे माझ्या लक्षात यायला तीन थांबे गेले, याचं फार वाईट वाटलं.

दुपारी त्याच्या पुल्कातला तंबू आणि इंधनाची बाटली मी माझ्याकडे घेतली, सहा-सात किलो तरी असतील. त्याला पुढे घातलं. त्यानंतर कुणीच कुणासाठी थांबलं नाही. शनिवारी १४ किलोमीटर झाले होते, रविवारी १९. तिघांनी मिळून जायचं तर वजनाची वाटणी समसमान नको, वेग समान हवा.

चिक्की घरूनच सुपारीएवढी फोडून नेली होती. थंडीत अख्खी वडी दातानं तुटत नाही. सकाळी ओटच्या खिरीत साजूक तुपाचा मोठा चमचा. मैत्रिणीनं दुसऱ्यांदा मागून घेतला.

रात्री तंबूत, शर्यतीला ज्याचं नाव आहे त्या अमुंडसेनची गोष्ट निघाली. १८९६ च्या हिवाळ्यात याच पठारावर तो बर्फात खड्डा करून झोपला, आणि रात्रीत बर्फ गोठून आतच अडकला. भाऊ लेओननं त्याला उकरून काढलं. १४ डिसेंबर १९११ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो हाच माणूस. बाहेर वारा तंबूवर आपटत असताना ही गोष्ट ऐकली आणि ओले हातमोजे शर्टाच्या आत आणखी घट्ट धरले.

स्टोव्ह पेटवायला मला चार मिनिटं लागली, तीही पातळ हातमोजे घालून. पुढच्या वेळी दोन.