बारावीच्या कॅल्क्युलसचं दार सहावीत उघडतं

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कुलात विज्ञान शाखा, कला शाखा अशी वाटणी नसते. गणितात मूल कुठवर पोचणार, हे एका शिडीवर ठरतं: अल्जिब्रा १, जिऑमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस. एका पायरीला एक वर्ष. हायस्कूल नववी ते बारावी, म्हणजे वर्षं चार आणि पायऱ्या पाच. अल्जिब्रा १ आठवीत झाली नाही, तर सरळ वाटेनं बारावीत कॅल्क्युलस मिळत नाही. आणि आठवीत ती घ्यायची, तर सहावी, सातवी, आठवीचं गणित दोन वर्षांत उरकणारा वर्ग आधी मिळायला हवा. म्हणून बारावीला एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कुलात शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) कॅल्क्युलसची आणखी एक तुकडी काढून फारसं काही साधत नाही. तयार मुलंच कमी असतात. तयारी नसताना बसवलेली मुलं मे महिन्याच्या परीक्षेत ५ पैकी १ किंवा २ गुण घेऊन येतात आणि गणिताचं नाव टाकतात.

हे नीट ओळखलं होतं पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमधल्या हाइमे एस्कालांते यांनी. वस्ती कामकरी, बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची. कॅल्क्युलसच्या पहिल्या वर्गात ५ मुलं परीक्षेला बसली, त्यांतली २ उत्तीर्ण झाली. १९८२ मध्ये १८ झाली. पुढचा विस्तार झाला तो खालच्या इयत्तांचं गणित सुधारून आणि जवळच्या कॉलेजात उन्हाळी वर्ग भरवून. हा पाया घालायला वर्षं लागतात, आणि तेवढा धीर फार थोड्या शालेय जिल्ह्यांकडे (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणांकडे) असतो.

सहावीच्या प्रगत वर्गात कोणाला घ्यायचं, हे अनेक ठिकाणी शिक्षकांची शिफारस आणि पालकांचा आग्रह यांवर ठरतं. ज्यांना मागायचं कसं हेच माहीत नाही, त्यांची मुलं गुण असूनही मागे राहतात. टेक्सासनं २०२३ च्या कायद्यानं हे उलटं केलं: पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेलं मूल आपोआप प्रगत वर्गात जातं, नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. आतापर्यंतच्या उपायांत हा आम्हाला सर्वांत न्याय्य वाटतो. सॅन फ्रान्सिस्कोनं २०१४ मध्ये समानतेसाठीच अल्जिब्रा १ सगळ्यांना नववीत नेली होती. ऐपत असलेल्यांनी बाहेर पैसे भरून ती आधी केली, बाकीचे अडकले. २०२४ मध्ये तिथल्या शिक्षण मंडळानं ती आठवीत परत आणायचं ठरवलं.

विज्ञानातही हीच शिडी आडवी येते. एपी फिजिक्स सी घेताना कॅल्क्युलस झालेलं किंवा सोबत चालू असावं लागतं. एपी केमिस्ट्रीत किमान १६ प्रयोग आणि एक चतुर्थांश वेळ प्रयोगशाळेत अपेक्षित असतो, म्हणजे जोडतास, सामान आणि रसायनशास्त्र खरंच शिकलेला शिक्षक. छोट्या गावांत अडतं ते बहुधा इथंच.

महाराष्ट्रातून आठवी-नववीत इकडे येणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती दरवर्षी बरोबरीनं चालतात, पण गुणपत्रिकेवर नुसतं 'गणित' दिसतं. मुलाचे विषय ठरवून देणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरला त्यातून काही कळत नाही आणि मूल अल्जिब्रा १ मध्ये बसवलं जाऊ शकतं. म्हणून दोन्ही भागांची अनुक्रमणिका इंग्रजीत करून न्या आणि वेळापत्रक ठरण्याआधी प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे मूल कुठल्या पायरीवर बसवायचं हे ठरवणारी चाचणी, मागा. उशीर झालाच, तर दहावीत जिऑमेट्री आणि अल्जिब्रा २ एकदम घेता येतात का ते विचारा. त्यात संगीतासारखा एखादा ऐच्छिक विषय सोडावा लागतो. उन्हाळ्यात एखादी पायरी उरकायचीच असेल तर जिऑमेट्री उरका. अल्जिब्रा २ सहा आठवड्यांत उरकू नका, कारण लॉगॅरिदम आणि फंक्शन कच्चे राहिले की प्रीकॅल्क्युलसमध्ये दुसऱ्याच महिन्यात मूल गडबडतं.