तुम्ही विचारलंत म्हणून : ‘बालगुन्हेगार’ या शब्दाला माझी हरकत का?

लालबागच्या आमच्या अभ्यासिकेत नवे स्वयंसेवक आले की एक प्रश्न ठरलेला असतो : “बाई, मुलाने चोरी केलीच असेल, तर त्याला बालगुन्हेगार म्हणायला हरकत काय? शब्द बदलून चोरी थोडीच पुसली जाते?”

चोरी पुसली जात नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाचे पुढे काय झाले, ते मी जवळून पाहिले आहे. पंधराव्या वर्षी त्याने लोकलमध्ये एकाचा मोबाइल लांबवला आणि काही आठवडे डोंगरीच्या निरीक्षणगृहात काढून तो चाळीत परतला. त्यानंतर चाळीत नळाची तोटी गेली तरी पहिली थाप त्याच्याच दारावर पडे. एकदा हरवलेली सायकल दुसऱ्या दिवशी जिन्याखाली सापडली, पण आदल्या रात्री त्याच्या आईला नाही नाही ते बोललेल्यांपैकी एकही जण तिच्याकडे फिरकला नाही. नाक्यावरची पोरे तेवढी त्याला काही विचारत नसत, म्हणून तो तिथे बसू लागला. दुसरी चोरी त्याच सोबतीत झाली.

पहिली चूक आणि शिक्का बसल्यावर त्या शिक्क्याभोवतीच घडत जाणारे वर्तन, हा फरक अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये मांडला. आपल्याकडे तर हा शिक्का कायद्यानेच मारला गेला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढच्या सुधारणांनी पारध्यांसारख्या अनेक जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवले, पोलिसांकडे हजेरी लावायला भाग पाडले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी सिग्नलवर गजरे विकणारी पारधीण जवळ आली की आजही गाडीची काच वर जाते, आणि हे पाहून माझा जीव तुटतो.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशा मुलासाठी ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द आहे. उच्चारायला तो जड आहे खरा, पण मुलगा आणि त्याचे कृत्य यांत तो अंतर ठेवतो. दोषी ठरलेल्या मुलाला पुढे त्यापायी अपात्र ठरवता येऊ नये, अशी तरतूदही, काही अपवाद वगळता, त्यात आहे. त्या मुलाला गेल्या महिन्यात एका केटररकडे काम लागले. तिसऱ्या दिवशी चाळीतलाच एक गृहस्थ मालकाला ‘सावध’ करून आला.