ह्वा

जेवणानंतरची पेंग यायची वेळ, आणि मी विजेच्या बिलाच्या पाठीवर एक चिनी अक्षर गिरवत बसले होते. निमित्त डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक. नागपूरचे चोळकरही त्यात होते. पाचही जणांच्या चिनी नावांचा शेवट एकाच अक्षरानं होतो: ह्वा. म्हणजे चीन. आमच्या सोलापूरचे कोटणीस तिकडे 'ख ती-ह्वा'. रोमन लिपीत 'के दी' दिसतं, त्यावर जाऊ नका. तो चक्क आपला ख आहे, आणि 'दी' जवळपास आपला ती. इंग्रजाला हा फरक शिकवताना मास्तरांच्या नाकी नऊ येत असणार. आपल्याला तो बाराखडीतच मिळालेला.

सूर मात्र मिळालेला नसतो. हा ह्वा खालून वर चढवायचा, आपण संशयानं "हो?" म्हणतो तसा. वरच्या पट्टीत सपाट धरला की फूल होतं. वरून खाली आपटला की बदल.

लिहायला सहा रेघा, आणि क्रम ठरलेला. डावीकडे तिरपी, मग उभी. शेजारी पुन्हा तिरपी, मग खाली उतरून उजवीकडे वळणारी आकडीची. त्यांच्याखाली लांब आडवी, आणि सगळ्यात शेवटी तिच्यातून आरपार उभी. अक्षर झाल्यावर कोण बघतंय कुठली आधी काढली? पण मला हे फार पटतं. शिरोरेषा आधी ओढून मोकळे होणारे लोक मला अजून सहन होत नाहीत. पहिलीत आमच्या बाई मागे येऊन नुसत्या उभ्या राहायच्या. शब्द पुरा व्हायच्या आत पेन्सिल वर सरकली की बाकावर पट्टीची टकटक. "आधी शब्द, मग छप्पर!"

कोटणीसांच्या काळी हे अक्षर असं नव्हतंच. चांगलं भरगच्च होतं, मुळात फुललेल्या झाडाचं चित्र. १९५६च्या सुलभीकरणात फांद्या छाटल्या आणि वर आलं निव्वळ आवाजासाठी बसवलेलं दुसरंच अक्षर, ज्यात एक माणूस उभा आणि एक उलटा. शिकणाऱ्यांची सोय झाली, कबूल. मला झाड हवं होतं.

ऑगस्ट १९४२ मध्ये कोटणीसांना मुलगा झाला. नाव यिन-ह्वा, यिन म्हणजे भारत, आणि शेवटी बापाचंच अक्षर. डिसेंबरात कोटणीस गेले. वय ३२. मुलगा चार महिन्यांचाही झाला नव्हता.