धागे आणि वस्त्र

येवल्यात आज एका मागावर धूपछाव पैठणी विणताना बराच वेळ पाहिली. उभे धागे जांभळे होते, आडवे लाल. आणि विणून झालेल्या पट्ट्याकडे जिकडून पाहावे तिकडून रंग पालटत होता. धाग्यांपैकी एकाही धाग्यात हा पालट नाही. मग तो आहे कोणाचा?

न्याय आणि वैशेषिक या भारतीय तत्त्वज्ञानातल्या दोन जोडशाखांच्या विचारवंतांनी, म्हणजे न्याय-वैशेषिकांनी, हा प्रश्न अगदी याच उदाहरणाने, म्हणजे तंतू आणि पट यांच्या उदाहरणाने, शतकानुशतके लढवला. त्यांच्या मते वस्त्र ही धाग्यांची नुसती गोळाबेरीज नसून, धाग्यांमध्ये समवायाने, म्हणजे अतूट संबंधाने, राहणारा एक स्वतंत्र अवयवी, म्हणजे अवयवांहून वेगळी अशी अखंड वस्तू, आहे. न्यायसूत्र या न्यायशाखेच्या मूळ ग्रंथातला युक्तिवाद मला फार आवडतो: एक टोक धरून ओढले की सगळेच ओढले जाते, हे सुट्या अवयवांच्या ढिगाबाबत घडत नाही. आणि रंगाचे उत्तर तर्कसंग्रह या त्याच परंपरेतल्या छोट्या पाठ्यग्रंथात मिळते. तेथे रूपाच्या, म्हणजे रंगाच्या, 7 प्रकारांत शुक्ल, नील यांच्या बरोबरीने ‘चित्र’ हेही एक रूप मोजले आहे, म्हणजे बहुरंगी वस्त्राचा रंग हा त्या वस्त्राचा स्वतःचा, एकच रंग.

बौद्धांना हे मुळीच मान्य नव्हते. अवयवी प्रत्येक धाग्यात संपूर्ण राहतो की तुकड्यातुकड्याने, हा त्यांचा प्रश्न आजही बोचरा वाटतो. आणि वस्त्र धाग्यांहून वेगळे असेल, तर तराजूत धाग्यांपेक्षा त्याचे वजन जास्त का भरत नाही, हा त्याहून बोचरा. मन नैयायिकांकडे ओढ घेते, तरी या वजनाच्या आक्षेपाला माझ्यापाशी अजून समाधानकारक उत्तर नाही.