‘अभिनंदन’च्या खालची सहा पानं

फेब्रुवारी २०२५. सकाळी मेल उघडला, पहिलाच शब्द ‘अभिनंदन’. मी पाच वर्षांच्या बीए-एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला होते, लंडनच्या एका विद्यापीठात एलएलएमसाठी, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी, नोव्हेंबरात अर्ज केला होता आणि रोज मेल तपासून वैतागले होते. मी जोरात ओरडले, आईबाबांना उठवलं, काकांना फोन लावला. काका म्हणाले, "म्हणजे आता आमची पोर बॅरिस्टर होणार!" मीही हो म्हणून टाकलं.

पत्र सहा पानांचं होतं. त्यातलं अर्धं पान मी वाचलं. उरलेल्या साडेपाच पानांकडे पुढचे नऊ दिवस फिरकले नाही.

हे सांगायला लाज वाटते, कारण त्याच दिवसांत माझी इंटर्नशिप चालू होती आणि माझं काम होतं लोकांचे करारनामे ओळीनओळ वाचून त्यातल्या अटींखाली पेन्सिलीनं रेघा मारायच्या. ‘अधीन राहून’ असे शब्द दिसले की तिथे थांबायचं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. स्वतःच्या पत्रात पहिल्याच परिच्छेदात ‘खालील अटींच्या अधीन राहून’ असं लिहिलं होतं, आणि मी त्यावरून सरळ पुढे गेले.

नवव्या दिवशी कॉलेजातली एक सीनियर ताई भेटली. ती नुकतीच इंग्लंडहून एलएलएम करून आली होती. मी म्हटलं, "ताई, माझी अ‍ॅडमिशन झाली." तिने अभिनंदन वगैरे काही केलं नाही. विचारलं, "कंडिशनल की अनकंडिशनल?"

"म्हणजे… कंडिशनल असेल."

"मग झाली नाही गं अजून. व्हायची आहे. पत्र घेऊन ये."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ते पत्र प्रिंट काढून, पेन्सिल घेऊन वाचलं. अटी चार होत्या. त्यातल्या दोन किरकोळ. पासपोर्टची प्रत हवी होती, आणि दुसरं शिफारसपत्र अजून पोचलं नव्हतं. आमच्या सरांनी ते आपल्या खासगी ईमेलवरून पाठवलं होतं आणि विद्यापीठाला ते कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावरूनच हवं होतं. सरांना तीनदा आठवण करून दिल्यावर तेही झालं. खरा जीव खाल्ला तो उरलेल्या दोन अटींनी.

पहिली इंग्रजीची. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ७ आणि प्रत्येक विभागात किमान ६.५ हवे होते. मला एकूण ७.५ होते, त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून कधीच निघून गेला होता. ताईने स्कोअरकार्ड मागितलं. ऐकणं ८.५, वाचणं ८, बोलणं ७.५, लिहिणं ६. मी एकूण आकड्यावर खूश होते, पत्र मात्र चारही खाने तपासत होतं. कायद्याच्या पोरीचं नेमकं लिहिण्यातच कमी, हे आणखी वर!

आयेल्ट्समध्ये हल्ली फक्त एका विभागाची फेरपरीक्षा देता येते, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत. माझे ते दिवस अजून संपले नव्हते. लगेच पैसे भरणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "आधी विचार त्यांना, हे चालतं का." मेल केला. उत्तर आलं, आम्ही एका विभागाची फेरपरीक्षा ग्राह्य धरत नाही, एकाच बैठकीतले चारही गुण लागतील. काही विद्यापीठं धरतात, हे धरत नव्हतं. मार्चमध्ये पुन्हा पूर्ण परीक्षा दिली. लिहिण्यात ६.५ मिळाले, बोलण्यात अर्धा गुण घसरला. चाललं.

दुसरी अट पदवीची. एकूण ६० टक्के, आणि पुरावा ३१ जुलैपर्यंत. टक्क्यांची मला काळजी नव्हती. काळजी होती तारखेची. आमची शेवटची परीक्षा मे महिन्यात आणि आमच्या विद्यापीठाचा निकाल कधी लागेल हे विद्यापीठालाही माहीत नसतं. शिवाय ‘पुरावा’ म्हणजे काय, हे तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात होतं: संकेतस्थळावरच्या निकालाचं चित्र चालणार नाही, सर्व सत्रांची एकत्रित गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र. आमच्याकडे तात्पुरत्या प्रमाणपत्राला वेगळा अर्ज, वेगळी फी, वेगळी खिडकी.

इथे एक गोष्ट मात्र मी वेळेवर केली. मार्चमध्येच प्रवेश कार्यालयाला सरळ लिहिलं की आमचे निकाल उशिरा लागू शकतात, तसं झालं तर काय करायचं? दोन दिवसांत उत्तर आलं: परीक्षा विभागाचं, निकालाची अपेक्षित तारीख सांगणारं पत्र पाठवा, ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबू. तो मेल मी वेगळा जपून ठेवला. जुलैअखेरीस निकाल लागला नव्हता, तेव्हा त्याच मेलखाली मी पुढचा मेल लिहिला. नवा मेल लिहिला असता तर नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागलं असतं.

आता पैसे. फी २६,५०० पौंड, आणि जागा राखायची तर ३० एप्रिलपर्यंत २,००० पौंड डिपॉझिट. ऑनलाइन ‘स्वीकारा’ हे बटण दाबलं की झालं, असं मी धरून चालले होते. पत्रात होतं की स्वीकृती आणि डिपॉझिट दोन्ही मिळेपर्यंत जागा राखलेली नाही. पुढे हेही होतं की स्वीकारल्यापासून १४ दिवसांच्या आत विचार बदलला तर पैसे परत. त्यानंतर मात्र फक्त दोन कारणांनी परत: अटी पूर्ण झाल्या नाहीत किंवा व्हिसा नाकारला. १४ दिवसांची ती सवलत म्हणजे विद्यापीठाचं औदार्य नव्हे. दुरून केलेल्या करारात ग्राहकाला माघार घेता यावी यासाठी ब्रिटनमध्ये २०१३ चे नियमच आहेत. ते बघून मला बरं वाटलं. फी भरणारा विद्यार्थी हा तिथल्या कायद्याच्या नजरेत ग्राहकही असतो.

डिपॉझिट भरण्याआधी मला शिष्यवृत्तीचं विचारायचं होतं, आणि इथे माझ्या अर्धवट विद्वत्तेने मला आठवडाभर छळलं. करार शिकताना सगळ्यांना १८४० चा ‘हाइड विरुद्ध रेंच’ शिकवतात. रेंचने शेत १,००० पौंडांना देऊ केलं, हाइड म्हणाला ९५० देतो, रेंच नाही म्हणाला, मग हाइड म्हणाला बरं, हजारच घे. न्यायालय म्हणालं, आता उशीर झाला, तुझ्या ९५० ने मूळ प्रस्तावच मोडला. मला वाटायला लागलं, मी ‘फी थोडी कमी होईल का’ विचारलं आणि त्यांनी ऑफरच मागे घेतली तर? मग १८८० चा ‘स्टीव्हन्सन विरुद्ध मॅकलीन’ आठवला. त्यात नुसती चौकशी म्हणजे प्रतिप्रस्ताव नव्हे असं ठरलं. त्या खटल्याच्या आधाराने मी मेलमध्ये इतकं जपून ‘केवळ माहितीसाठी विचारत आहे’ असं लिहिलं की ताई वाचून हसत सुटली. प्रत्यक्षात प्रवेश कार्यालयातल्या बाईंना हाइडशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी शिष्यवृत्तीच्या अर्जाची लिंक पाठवली, आणि एप्रिलच्या मध्यावर ३,००० पौंडांची सूट मिळाली. तिचं वेगळं पत्र आलं, त्यात वेगळी अट: डिपॉझिट मुदतीत भरलं तरच.

बँकेत आणखी एक गाठ होती. कर्जाचा अधिकारी म्हणे, अनकंडिशनल पत्र आणा, मग बघू. विद्यापीठ म्हणे, डिपॉझिट भरा, मग पुढचं. शेवटी डिपॉझिट बाबांच्या बचतीतून गेलं आणि कर्ज कंडिशनल पत्रावर मंजूर होऊन वाटप मात्र नंतर, असा मार्ग निघाला. पैसे पाठवताना खर्च कोण सोसणार, असा फॉर्मवर एक रकाना असतो. आम्ही तो नीट बघितला नाही. मधल्या बँकेने आपलं कमिशन कापलं आणि तिकडे १,९८५ पौंड पोचले. पोर्टलवर ‘अंशतः भरले’ असं लाल अक्षरात दिसत होतं, मुदतीला एक दिवस उरला होता. उरलेले १५ पौंड कार्डाने भरले. मुदत ब्रिटनच्या रात्री १२ पर्यंत, म्हणजे आपल्याकडे १ मेच्या पहाटे साडेचारपर्यंत, हे आधी मोजून ठेवलं होतं म्हणून जरा धीर होता.

काकांच्या बॅरिस्टरकडे परत येते, कारण त्याचं उत्तरही पत्रातच होतं. ऑफरवर पदवीचं पूर्ण नाव आणि १८० क्रेडिट असं लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ: ही पदवी वकिलीचा परवाना देत नाही. एलएलएम ही अभ्यासाची पदवी. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर व्हायचं तर २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव. बॅरिस्टर व्हायचं तर ‘इन’ म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेचं सदस्यत्व, बारचा वेगळा अभ्यासक्रम, मग प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली उमेदवारी. काकांना मी समजावलं की बाबासाहेब लंडनमध्ये शिकत होते ते अर्थशास्त्र, आणि बॅरिस्टर झाले ते ग्रेज इनमधून, १९२२ साली. दोन्ही वेगवेगळ्या वाटा होत्या. काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग दोन्ही कर." एलएलबी इथलीच असल्याने परत येऊन इथे वकिली करायला मला अडचण नाही. जी मुलं एलएलबीच बाहेरून करतात, त्यांनी मात्र ते विद्यापीठ बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेत बसतं का आणि परतल्यावर पात्रता परीक्षा द्यावी लागते का, हे डिपॉझिटच्या आधी बघावं. पत्रात ते कुणी लिहून देत नाही.

८ ऑगस्टला निकाल, १३ ला तात्पुरतं प्रमाणपत्र, १९ ला अनकंडिशनल पत्र. ते एकच पान होतं आणि त्यात अभिनंदनाचा शब्दही नव्हता. त्यानंतर कॅस आलं. कॅस म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला क्रमांक, आणि त्याचा मसुदा आधी तपासायला येतो. माझ्या मसुद्यात शिष्यवृत्ती धरलेलीच नव्हती. ती धरून घेतली नसती तर व्हिसासाठी बँकेत तेवढी रक्कम जास्त दाखवावी लागली असती. उरलेली फी २१,५०० आणि लंडनमधल्या खर्चाचे, त्या वेळच्या दराने महिना १,४८३ प्रमाणे नऊ महिन्यांचे १३,३४७, मिळून ३४,८४७ पौंड. काका म्हणाले, "माझ्या खात्यातले दाखव." चालत नाही. स्वतःचं किंवा आईवडिलांचं खातं लागतं, आणि खात्यातली शिल्लक सलग २८ दिवस त्या रकमेच्या खाली गेलेली नसावी लागते. आमचं बरंचसं कर्जाच्या मंजुरीपत्रावर भागलं. व्हिसाबरोबर भरायच्या आरोग्य अधिभाराचे १,१६४ पौंड वेगळे भरले. क्षयरोगाची तपासणी जूनमध्येच उरकली होती, व्हिसाही मुदतीत आला.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विषय निवडायला बसले. ज्या एका विषयासाठी मी हे विद्यापीठ निवडलं होतं, तो यादीत फिकट दिसत होता: या वर्षी उपलब्ध नाही. मी फोनवर त्या सहापानी प्रिंटचे फोटो उघडले. चौथं पान, खालून दुसरा परिच्छेद, ‘विषय उपलब्धतेनुसार’. त्याखाली फेब्रुवारीतली पेन्सिलीची रेघ होती, ताईने मारलेली. मी आंतरराष्ट्रीय लवाद घेतला.