तांब्याच्या पत्र्यावरून जहाजाची नाळ ओळखली

मी बनवलेलं जहाजाचं मॉडेल बघायला आलेला माणूस आधी दोऱ्या बघतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. डोलकाठ्या, दोऱ्यांचं जाळं, इवल्या इवल्या तोफा, मग मोबाईल काढून फोटो. खालच्या पोटाकडे फारसं कुणी बघत नाही, आणि खरं जहाज तर तिथेच असतं, पाण्याला भिडतो तो आकार तिथला. तो बिघडला तर वर कितीही बारीक काम करा, शोपीसच राहतं ते. म्हणून त्या दिवशी गाळ्यात जे झालं ते लिहायलाच हवं असं वाटलं.

ऑर्डर होती एचएमएस त्रिंकोमालीची. हे फ्रिगेट, म्हणजे ब्रिटिश आरमाराची शिडाची युद्धनौका, आपल्या मुंबईच्या गोदीतलं, जमशेदजी बोमनजी वाडियांनी बांधलेलं, मलबारच्या सागवानात. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय, दोनशे वर्षं उलटून गेली तरी! नेपोलियनच्या लढायांमुळे तिकडे ओक कमी पडायला लागला होता म्हणून ही कामं मुंबईकडे आली. पण हे मॉडेल काचेत ठेवायचं नव्हतं, दृष्टिहीन मुलांना हात लावून समजेल असं हवं होतं. मग मी शिडं, दोऱ्या सगळं काढूनच टाकलं, डोलकाठ्यांचे फक्त बुंधे ठेवले, त्यातही आत पितळी सळई. स्केल १:४८, म्हणजे फुटाला पाव इंच, त्यामुळे लांबी ९५ सेंटीमीटरच्या आसपास आणि रुंदी २५ च्या थोडी वर. लाकूड हेदाच्या झाडाचं, कारण सागाचे रेषे या स्केलला फार जाड दिसतात आणि हाताला पण तसेच लागतात. एक बाजू पूर्ण फळ्या मारलेली, दुसरी उघडी, आतले वांक, म्हणजे जहाजाच्या फासळ्या, मोजता येतील अशी. सतराव्या शतकात इंग्रजी आरमाराची मॉडेलं अशी खालून उघडीच ठेवायचे, ती पद्धत मला मनापासून आवडते.

पक्कं करायच्या आधी मुलांना एकदा हाताळू द्या, असं मीच सुचवलं होतं. मुलांच्या शाळेतल्या बाई सहा-सात जणांना घेऊन आल्या. आधी सगळ्यांच्या हातात साडेतीन सेंटीमीटरचा लाकडी माणूस दिला, म्हटलं हा साडेपाच फुटी खलाशी, आता याच्या हिशोबाने जहाज बघा. एका मुलाने तो पठाणाजवळ, म्हणजे जहाजाच्या तळाच्या कण्याजवळ, उभा धरला आणि वरच्या कठड्यापर्यंत बोटाने माप घेत गेला आणि एकदम गप्पच झाला, मग म्हणाला, "काका, एवढं उंच? लाकडाचं?"

दुसऱ्याने लगेच विचारलं की भिंत वर जाताना आत का येते. बघा हं, हे मला आजपर्यंत एकाही डोळस पाहुण्याने विचारलेलं नाही, आणि आकारातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. त्याला सांगितलं की बाजूच्या तोफांचं वजन जेवढं मधल्या रेषेच्या जवळ राहील तेवढं जहाज कमी डोलतं, म्हणून वर निमुळतं. त्याने दोन्ही तळवे दोन बाजूंना ठेवून वर-खाली फिरवले आणि मान हलवली, समजलं होतं त्याला.

पण मी खरा थक्क झालो ते एका मुलीमुळे. सातवी-आठवीतली असेल, खूप कमी बोलणारी. तिच्यासमोर तळाचा वेगळा तुकडा होता, मधला, ज्याला ना नाळ (जहाजाचं पुढचं टोक) ना सुकाणू, नुसता तांब्याचे पत्रे लावलेला नमुना. लाकूड पोखरणारे समुद्री किडे लागू नयेत म्हणून खऱ्या जहाजाला तळाशी तांबं ठोकायचे, चार फूट बाय चौदा इंचाचे पत्रे, माझ्या स्केलला साधारण २५ मिलिमीटर बाय ७. मी तांब्याची चिकट पट्टी कापून एकेक लावतो, पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर चढवून, कारण पाणी पुढून मागे जातं आणि कड उलटी असेल तर पाणी त्यात घुसून पत्रा उचलतं. ही कड केसाएवढी पण जाड नाही, मला स्वतःला लाईट तिरका मारल्याशिवाय दिसत नाही. ती मुलगी एक बोट इकडून तिकडे नेत होती, परत तिकडून इकडे, बराच वेळ. मग म्हणाली, "काका, इकडून गेलं की गुळगुळीत लागतं, उलटं गेलं की अडकतं. म्हणजे जहाजाचं पुढचं टोक या बाजूला ना?"

बरोबर होतं. नुसत्या पत्र्यावरून! मी बाईंकडे बघितलं तर त्या सहज म्हणाल्या, "अहो, ती ब्रेल खूप जोरात वाचते." माझे मात्र डोळे भरून आले होते, कारण हे काम करताना रात्री कितीदा मनात यायचं की ही कड कुणाला कळणारे, सरळ एकच मोठा पत्रा का नाही लावून टाकत.

मग त्यांना एचएमएस जावाची गोष्ट सांगितली. त्रिंकोमालीच्या बांधणीचे नकाशे आधी त्या जहाजातून मुंबईला निघाले होते आणि डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने जावाला हरवलं, नकाशे गेले, मग पुन्हा पाठवावे लागले. पोरांना लढाईच जास्त आवडली, तोफा कुठल्या बाजूने मारल्या वगैरे. आणि पठाणात वाडियांनी चांदीचा खिळा ठोकला होता हे कळल्यावर सगळ्यांना तो खिळा हवा झाला.

तर आता त्या तळाच्या तुकड्यावर लाख मारायची नाही असं ठरवलंय, लाखेच्या थराने ती कड बुजून जाईल. हातांच्या घामाने तांबं काळं पडेल, पडू दे, दरवर्षी जाऊन पुसून येईन. डेकचा मधला भाग उचलता येईल असा करतोय, कारण निघताना त्या मुलीने विचारलं होतं की खलाशी झोपायचे कुठे, आणि तिला तिथे हात घालून बघायचंय. आणि हो, पठाणात खिळा पण बसवतोय, चांदीचाच, डोकं बोटाला लागेल एवढं वर ठेवून.